अंधारखोलीतला पियानोवादक

आमची आजी वारली तेव्हा भिंतीवर लावायला तिचा एकही धड फोटो घरात सापडला नाही. लग्नकार्यांतल्या घोळक्यात कुठे अर्धा पदर, कुठे पाठ, एवढेच. अखेर माझ्याच फोनमध्ये एक निघाला. आदल्या दिवाळीत ती चुलीपुढे बसली असताना मी सहज काढलेला. डावीकडे लहानशी खिडकी, मागे वर्षानुवर्षांच्या धुराने काळवंडलेली भिंत आणि मधोमध आजी. काकांनी तो तालुक्याच्या गावी एका स्टुडिओत दिला. चार दिवसांनी चौकट घरी आली, तेव्हा आतल्या बाईला मी ओळखले नाही. आमची आजी रंगाने चांगली काळी होती. चौकटीतली बाई गोरी होती. चूल गेली होती, भिंत गेली होती, त्यांच्या जागी ढगांसारखे काहीतरी आले होते. आणि कपाळावरचे गोंदण कुणीतरी डाग समजून पुसून टाकले होते. घरातल्या बहुतेकांना फोटो आवडला. स्टुडिओवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. माणसे त्याच्याकडे तेच मागायला जातात.

मूळ फोटो माझ्याजवळ होताच. कॉलेजच्या संगणकावर बसून मी तो काळापांढरा केला आणि आजीचा चेहरा दिसावा म्हणून सगळे चित्र उजळवले. चेहरा दिसू लागला, पण खिडकी पांढरी फटक पडली आणि काजळी धरलेली भिंत राखेसारखी झाली. उजेड कमी केला, तर भिंत जागेवर आली पण आजी त्या भिंतीत विरून गेली. आमच्या छायाचित्र मंडळाचे काम पाहणारे सर मागे उभे राहून माझा खटाटोप पाहत होते. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन जाड पुस्तके आणून दिली. एकाचे नाव द निगेटिव्ह, दुसऱ्याचे द प्रिंट. लेखक अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स. त्या माणसाविषयी हा लेख आहे. आजीकडे मी मधूनमधून वळले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

अ‍ॅडम्सचा जन्म २० फेब्रुवारी १९०२ रोजी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. तो चार वर्षांचा असताना, १९०६ च्या एप्रिलमध्ये, त्या शहराला प्रचंड भूकंपाचा हादरा बसला. घर वाचले, पण मागून आलेल्या एका धक्क्याने हा पोरगा बागेतल्या भिंतीवर आपटला आणि त्याचे नाक मोडले. ते जन्मभर वाकडेच राहिले. पुढच्याच वर्षी आर्थिक घबराट झाली, आजोबांचा लाकडाचा व्यापार बुडाला आणि श्रीमंती गेली. मुलगा हुशार खरा, पण एका जागी स्थिर बसेना. शाळा बदलल्या, तरी उपयोग झाला नाही. शेवटी वडिलांनी त्याला शाळेतून काढले आणि घरी शिकवायला सुरुवात केली. १९१५ साली त्या शहरात मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले, तेव्हा त्यांनी मुलाला वर्षभराचा पास काढून दिला आणि तीच त्याची शाळा, असे ठरवून टाकले. शाळेत न रमणाऱ्या मुलाला असा बाप मिळणे हे मला त्याच्या पुढच्या सगळ्या मानसन्मानांपेक्षा मोठे भाग्य वाटते.

बाराव्या वर्षी तो आपण होऊन पियानो वाजवायला लागला, आणि ज्या मुलाला घटकाभर बसवत नव्हते तो तासन्‌तास बसू लागला. पियानोवादक व्हायचे हे त्याचे ठरलेच होते. मध्येच १९१६ साली आजारपणात मावशीने दिलेले सिएरा नेवाडा पर्वतावरचे एक पुस्तक त्याच्या हाती आले आणि त्याने योसेमिटीच्या खोऱ्यात जाण्याचा हट्ट धरला. घरचे त्याला घेऊन गेले. तिथेच आईवडिलांनी त्याच्या हातात कोडॅकचा साधा बॉक्स ब्राउनी कॅमेरा दिला. त्यानंतर असे एकही वर्ष गेले नाही की तो योसेमिटीला गेला नाही. पुढे तिथल्या एका स्टुडिओत पियानो आहे असे कळले, म्हणून सराव करायला तो तिथे जाऊ लागला. त्या स्टुडिओवाल्याच्या मुलीशी, व्हर्जिनिया बेस्टशी, १९२८ साली त्याचे लग्न झाले.

पियानो की कॅमेरा हा झगडा बरीच वर्षे चालला. १९३० साली न्यू मेक्सिकोत त्याची पॉल स्ट्रँड या छायाचित्रकाराशी गाठ पडली. स्ट्रँडजवळ त्या वेळी छापील प्रती नव्हत्या, नुसत्या निगेटिव्ह होत्या. त्या उजेडासमोर धरून पाहताना अ‍ॅडम्सचा निर्णय झाला. पियानो मागे पडला. पण मला वाटते, तो सुटला कधीच नाही. निगेटिव्ह म्हणजे संगीतकाराने लिहून ठेवलेली स्वरलिपी आणि कागदावरची प्रत म्हणजे तिचे वादन, असे तो पुढे नेहमी समजावून सांगे. आपल्याकडे हे सांगायला फार कष्ट पडू नयेत. वहीत उतरवलेली बंदिश म्हणजे गाणे नव्हे, हे आपल्याला कुणी पटवून द्यावे लागत नाही. तीच बंदिश तोच गायक विशीत एक प्रकारे गातो आणि साठीत दुसऱ्या प्रकारे. कुठला स्वर दाबायचा, कुठल्यावर रेंगाळायचे, हे लिहिलेले नसते.

हे त्याला पहिल्यांदा उमगले तो दिवस नक्की ठाऊक आहे : १० एप्रिल १९२७. पंचविशीचा अ‍ॅडम्स काही मित्र आणि व्हर्जिनिया यांच्याबरोबर योसेमिटीतल्या हाफ डोम या अजस्र कड्यासमोर चढून गेला. पाठीवर जड कॅमेरा आणि काचेच्या बारा प्लेटा. वाटेत बहुतेक संपल्या; कड्यासमोर पोचला तेव्हा दोनच उरल्या होत्या. उन्हाची वाट पाहून त्याने पिवळा फिल्टर लावून एक प्लेट खर्ची घातली. मग त्याच्या लक्षात आले की या चित्रात आकाश साधे करडे येणार, आणि आपल्याला समोर जे वाटते आहे, तो कडा जसा अंगावर येतो आहे, ते त्यात उतरणार नाही. शेवटच्या प्लेटला त्याने गडद लाल फिल्टर लावला. लाल काच निळा प्रकाश अडवते. त्यामुळे आकाश जवळजवळ काळे आले आणि त्यातून तो दगड बाहेर झेपावला. डोळ्यांना दिसणारे आकाश तसे काळे नव्हते, हे उघड आहे. पण बटण दाबण्याआधीच छापील चित्र मनात पाहायचे, ही त्याची आयुष्यभराची सवय त्या शेवटच्या प्लेटपासून सुरू झाली.

मधल्या काळात पुष्कळ घडले, ते मी भराभर सांगते. १९३२ साली एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आदी मंडळींबरोबर त्याने एफ ६४ नावाचा गट काढला. छायाचित्र धूसर करून त्याला रंगचित्राचे सोंग देण्याची तेव्हा मोठी टूम होती. तिला या मंडळींचा विरोध होता. भिंगाचे तोंड अगदी बारीक ठेवून सगळे लख्ख टिपायचे, हा त्यांचा बाणा, आणि गटाचे नावही त्यावरूनच. १९३६ साली न्यूयॉर्कला आल्फ्रेड स्टिग्लिट्झच्या दालनात त्याचे प्रदर्शन झाले. १९३७ साली योसेमिटीतल्या त्याच्या अंधारखोलीला आग लागली आणि कितीतरी निगेटिव्ह जळून गेल्या. १९४० साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात छायाचित्रणाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला, त्या कामातही तो होता.

आता जरा थांबायला हवे, कारण इथेच त्याची खरी विद्या आहे. १९३९-४० च्या सुमारास लॉस एंजलिसच्या एका कलाशाळेत शिकवताना त्याने फ्रेड आर्चर या सहकाऱ्याबरोबर झोन सिस्टिम नावाची पद्धत बसवली. निव्वळ काळ्यापासून निव्वळ पांढऱ्यापर्यंत तिने अकरा पायऱ्या पाडल्या, शून्य ते दहा. शून्य म्हणजे ठार काळा, दहा म्हणजे कोरा कागद, पाचवी पायरी मधली करडी. पाचव्या पायरीच्या आसपास पाहिले, तर एका पायरीवरून वरच्या पायरीवर जायचे म्हणजे फिल्मवर पडणारा उजेड दुप्पट करायचा. उजेड मोजायचा, समोरची कोणती वस्तू कोणत्या पायरीवर बसवायची ते आपण ठरवायचे, आणि त्या हिशेबाने उजेड द्यायचा व फिल्म धुवायची. यंत्र ठरवणार नाही, आपण ठरवायचे. मला ही पद्धत पेटीच्या पट्ट्यांसारखी वाटली. सा कुठे धरायचा ते एकदा ठरले की बाकीचे स्वर आपोआप आपापल्या जागी जातात.

पण फिल्म झाल्यावरही काम उरतेच. अंधारखोलीत निगेटिव्हमधून कागदावर उजेड पाडतात. जिथे जास्त उजेड पडेल तिथे कागद जास्त काळा होतो. तेवढ्या वेळात तारेच्या टोकाला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती एखाद्या जागेवर हलवत धरली, तर ती जागा उजळ राहते; याला डॉजिंग म्हणतात. उलट, भोक पाडलेल्या पुठ्ठ्यातून किंवा मुठीच्या फटीतून एखाद्या जागेला जादा उजेड दिला, तर ती गडद होते, हे बर्निंग. हात सतत हलता हवा, नाहीतर कडा उमटते. अ‍ॅडम्स एकेका चित्रासाठी या हालचालींची टिपणे ठेवी : कुठे किती सेकंद रोखायचे, कुठे किती जादा द्यायचे. संगणकावर फोटो सुधारताना आपण ज्या दोन खुणांवर बोट ठेवतो, त्यांत एक काडीवरची चकती आहे आणि दुसरी अर्धवट मिटलेली मूठ. ती मूठ मला आधी कधीच कळली नव्हती. ती अंधारखोलीतली आहे.

या विद्येची सर्वांत मोठी परीक्षा म्हणजे त्याचे सर्वांत गाजलेले चित्र, हर्नांडेझचा चंद्रोदय. १९४१ च्या शरदात, सरकारच्या गृहखात्यासाठी चित्रे काढण्याच्या निमित्ताने तो मुलगा मायकेल आणि मित्र सेड्रिक राइट यांना घेऊन न्यू मेक्सिकोत हिंडत होता. दिवसभरात काही जमले नव्हते. परतताना रस्त्याच्या कडेला हर्नांडेझ गावाची दफनभूमी दिसली. मावळतीच्या उन्हात तिथले पांढरे क्रूस चमकत होते आणि वर पूर्वेला चंद्र. त्याने गाडी थांबवली, आरडाओरडा करीत मोठा कॅमेरा उभा केला, आणि ऐन वेळी उजेड मोजण्याचे यंत्र सापडेना. चंद्राचे तेज किती असते हा आकडा त्याला पाठ होता. त्यावरून त्याने चंद्र सातव्या पायरीवर बसवला, हिशेब केला आणि एक सेकंद उजेड दिला. दुसरी फिल्म तयार करेतो क्रुसांवरचे ऊन गेले. एकच निगेटिव्ह मिळाली.

तारखेचीही एक गंमत आहे. स्वतः अ‍ॅडम्सला तारीख नीट आठवत नसे, निरनिराळ्या ठिकाणी त्याने निरनिराळी वर्षे सांगितली. चंद्राच्या जागेवरून खगोलशास्त्राच्या अभ्यासकांनी गणित मांडले, आणि १९९१ साली निकाल लागला : १ नोव्हेंबर १९४१, दुपारी चार वाजून एकोणपन्नास मिनिटे.

ही निगेटिव्ह छापायला महाकठीण होती. आकाश फिके, त्यात विस्कटलेले ढग. खालची जमीन इतकी पुसट की प्रत काढताना ती काळ्यात बुडे. १९४८ साली त्याने धाडस केले. एकमेव निगेटिव्ह, आणि तिचा फक्त खालचा भाग त्याने रसायनात धरून गडद करून घेतला. हात चुकला असता तर चित्र कायमचे गेले असते. चाळीस वर्षांत त्याने या चित्राच्या हजारावर प्रती स्वतः काढल्या. सुरुवातीच्या प्रतींत आकाश करडे आहे, ढगांच्या रेघा दिसतात. सत्तरीकडे झुकलेल्या अ‍ॅडम्सच्या प्रतींत आकाश जवळजवळ काळे आहे आणि चंद्र त्यात एकटा. दोन्ही प्रतींची छायाचित्रे मी शेजारी शेजारी ठेवून पाहिली. सरांना उत्तरकाळातली आवडते. मला जुनी आवडते. जुन्या प्रतीत संध्याकाळ आहे. नव्या प्रतीत भव्यता आहे पण संध्याकाळ कमी झाली आहे. एवढ्या मोठ्या माणसाशी मतभेद दाखवायला मी कोण, पण वार्षिकांकात नाही दाखवायचा तर कुठे!

हे सगळे वाचत असताना माझ्या मनात स्टुडिओवाला होताच. अ‍ॅडम्सने आकाश काळे केले ते चालते, तर त्याने आजी गोरी केली ते का चालू नये? याचे उत्तर अ‍ॅडम्सच्या चरित्रातच कुठेतरी असेल अशी माझी समजूत होती. मिळाले ते वेगळेच.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेने आपल्याच देशातल्या जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरांतून उठवून छावण्यांत डांबले. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी मॅन्झनार येथे अशी एक छावणी होती, आणि १९४३-४४ मध्ये अ‍ॅडम्स तिथे जाऊन चित्रे काढत होता. पहाऱ्याचे मनोरे आणि काटेरी कुंपण टिपायला मनाई होती. त्याने माणसांचे चेहरे टिपले, अगदी जवळून, उन्हात. डोंगरांसाठी वापरायचा तीच काळजी चेहऱ्यांसाठी वापरून. १९४४ साली त्यांचे पुस्तक निघाले. युद्ध चालू असताना शत्रूच्या वंशाचे म्हणवल्या जाणाऱ्यांना नागरिक म्हणून दाखवणे लोकांना रुचणारे नव्हते. काहींनी त्याच्यावर उलट टीका केली आणि आजही करतात, की ही माणसे फार प्रसन्न दिसतात, तुरुंग दिसत नाही. त्या टीकेत तथ्य आहे असे मला वाटते. पुढे त्याने ती चित्रे अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयाला देऊन टाकली.

त्याच खेपांमध्ये, मॅन्झनारजवळच्या लोन पाइन गावाबाहेर, त्याने हिवाळ्यातल्या सूर्योदयाचे एक चित्र घेतले. चार पहाटे थंडीत उभे राहून हात हलवत परतला. पाचव्या दिवशी साधले. मागे उन्हात न्हालेली बर्फाची शिखरे, मध्ये काळ्या टेकड्या, पुढे कोवळ्या उजेडाच्या पट्ट्यात चरणारा एक घोडा. घोडा बराच वेळ पाठ करून उभा होता, आणि ऊन सरकण्याआधी नेमका आडवा वळला. त्या काळ्या टेकडीवर गावच्या शाळेच्या पोरांनी पांढऱ्या दगडांनी गावाच्या नावाची दोन आद्याक्षरे रचली होती. अ‍ॅडम्सने ती निगेटिव्हवरून आणि प्रतींवरून पुसून टाकली. याबद्दल त्याला बोल लावले गेले आणि त्याने ते लपवलेही नाही. त्या अक्षरांनी डोंगर विद्रूप केला होता, असेच तो अखेरपर्यंत मानत राहिला.

हे वाचून मी पुस्तक मिटले. ती अक्षरे पोरांनी कुठल्यातरी सुटीत दगड वाहून रचली असतील. त्यांना ती खूण आपली वाटत असेल. माझ्या आजीचे गोंदण आणि ती अक्षरे यांत फरक करायला मला जमेना, अजूनही जमत नाही. गडद करणे, उजळ करणे यात वस्तू जागेवर राहते, ती फक्त मोठ्याने किंवा हळू बोलते. पुसण्यात ती उरतच नाही. इथवर मला कळते. पण स्टुडिओने आजीला गोरी केली, त्यात तरी काय पुसले होते? नुसत्या पायऱ्याच तर चढवल्या होत्या. आणि तरीही ती गेली होती.

मग मी पायऱ्यांचाच हिशेब केला. अ‍ॅडम्सने दिलेल्या तक्त्यात उन्हातली गोरी कातडी सहाव्या पायरीवर आहे, सावळी पाचव्या. चौथीवर दाट पाने आणि काळा दगड. आजी चौथीवर होती. स्टुडिओवाल्याने तिला सातवीवर नेऊन बसवली होती.

संगणकावर रंगीत फोटो काळापांढरा करताना कोणता रंग किती उजळ करायचा ते ठरवता येते. लाल फिल्टरचेच ते नवे रूप. लाल वाढवला की आजीचे हिरवटनिळे गोंदण स्पष्ट उठून दिसे, पण त्याबरोबर चेहराही उजळे. म्हणून आधी लाल वाढवून गोंदण वर आणले आणि मग मुठीच्या खुणेने चेहरा तेवढा, हळूहळू, पुन्हा चौथीवर उतरवला. खिडकी थोडी दाबली. भिंतीला हात लावला नाही. चुलीच्या बाजूने गालावर जो जाळाचा उजेड होता तो मात्र पुठ्ठ्याच्या चकतीने राखला. या कामात तीन संध्याकाळी गेल्या. पहिल्या प्रयत्नात गालाभोवती पांढरी कडा उमटली, कारण माझा हात एका जागी थांबला होता.

अ‍ॅडम्सला १९८० साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या हस्ते अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. माझ्या हाती आलेली दोन्ही पुस्तके त्याने अगदी उतारवयात पुन्हा नव्याने लिहून काढली, द निगेटिव्ह १९८१ साली आणि द प्रिंट १९८३ साली. निगेटिव्हच्या प्रास्ताविकात त्याने इलेक्ट्रॉनिक छायाचित्रांच्या येऊ घातलेल्या दिवसांची वाट उत्सुकतेने पाहिली आहे. अंधारखोलीत अर्धे आयुष्य घालवलेल्या ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याने तिच्या जाण्याबद्दल गळा काढू नये, याचे मला अप्रूप वाटले. २२ एप्रिल १९८४ रोजी तो गेला. त्याच्या निगेटिव्ह अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या संग्रहात आहेत, आणि सिएरा नेवाडातल्या एका शिखराला त्याचे नाव आहे.

आमच्या घरी भिंतीवर स्टुडिओतलाच फोटो आहे. काकांनी हौसेने केलेली चौकट, ती उतरवा असे कोण म्हणणार. माझी प्रत मी मोठ्या आकारात छापून घेतली आणि ट्रंकेत ठेवली होती. मे महिन्यात आत्या आली तेव्हा सहज दाखवली. तिने ती खिडकीशी नेली, बराच वेळ पाहिली, आणि जाताना मागून घेऊन गेली.